नाथाच्या गाठी

माझ्या बहिणीने १९५३ साली जीप घेतली तेव्हा आमच्या नौपाड्यात दोन तट पडले. बाईमाणसाने गाडी चालवूच नये, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, चालवावी, पण लष्कराने मोडीत काढलेलं असलं हिरवं धूड चालवू नये. माझं मत कुणी विचारलं नाही आणि ते बरंच झालं, कारण मी दोन्ही तटांत होतो.

सरोजताई डॉक्टर होती. ठाण्यात तिचा दवाखाना होता, पण बोलावणी यायची ती घोडबंदर रोडवरच्या गावांतून, आणि तीही बहुतेक बाळंतपणाची. आज त्या रस्त्यावर तासभर गाडी हलत नाही म्हणून लोक कपाळाला हात लावतात. तेव्हा तासाभरात एखादी गाडी गेली तर माणसं कुंपणाशी येऊन बघत उभी राहायची. पावसाळ्यात तर बैलगाडीसुद्धा रुतून बसे. दोन खेपांना ताई चिखल तुडवत पोहोचली तोवर उशीर झाला होता, आणि दुसऱ्या खेपेनंतर ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, चारी चाकं ओढणारी जीप मिळते, कल्याणच्या छावणीत लिलाव आहे, तू चल.

मी कचेरीत कारकून. माझ्या टेबलावरची दौत टेबलाच्या कडेला समांतर नसेल तर मला काम सुचत नसे. असल्या माणसाला त्या छावणीतल्या लोखंडाच्या उकिरड्यात नेणं हाच मुळात अन्याय होता. पण ताईपुढे माझं कधीच काही चाललं नाही. जीप घेतली. आमच्याकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, हिचं डावीकडे. आणि मागचे दिवे म्हणजे नुसती थट्टा. लढाईत विमानांना दिसू नयेत म्हणून त्यांना बोटाच्या नखाएवढ्या फटी ठेवलेल्या.

पासिंगच्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे येऊन थांबले. भल्या माणसाने नीट समजावून सांगितलं. म्हणाले, बाई, इतर ड्रायव्हर थांबताना उजव्या बाजूने हात काढून दाखवतात, तुम्ही बसणार डावीकडे, तुमचा हात मागच्याला कसा दिसेल? तेव्हा मागे दोन चांगले लाल दिवे हवेत, आणि ब्रेक दाबला की ते भडकले पाहिजेत. नाहीतर गाडी रस्त्यावर येणार नाही.

ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे. खोपटचा नाथा.

खोपटला एसटीच्या गाड्या वळायच्या त्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती, कारण मालकाला लिहितावाचता येत नव्हतं. नाथा बुटका, काळासावळा, लष्करी खाकी अर्धी चड्डी घातलेला, आणि टाचा अशा फुटलेल्या की मी आधी त्या टाचाच पाहिल्या. बाळकुमच्या पुढे खाडीला लागून त्याचं गाव. बाप, आजा, सगळे मिठागरात राबलेले, आणि हाही वीस वर्षांचा होईपर्यंत तिथेच. मग लढाईच्या दिवसांत भावाबरोबर कल्याणच्या छावणीत मजुरीला गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली राहून गाडीच्या दिव्यांचं काम शिकला. शिकला म्हणजे असा की पुढे तो म्हातारा त्यालाच विचारू लागला.

त्याने आमची जीप पाहिली, खाली सरपटत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, दोन दिवस. मी घासाघीस करायच्या तयारीने गेलो होतो, पण या माणसाच्या चेहऱ्यावर घासाघिशीला जागाच नव्हती. रजा काढून मी ते दोन्ही दिवस तिथे एका डब्यावर बसून काढले, कारण परक्या माणसाच्या हाती वस्तू सोपवून घरी जाणं माझ्या स्वभावात नाही. लोक मला संशयी म्हणत. मी स्वतःला व्यवस्थित म्हणत असे.

पण त्याचं काम बघताना माझी तोंडाची टकळी बंद पडली हे कबूल करतो. इतर लोक दिव्याची एक वायर ओढत आणि विजेचा परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडावर सोडून देत. नाथा परतीचीही वायर ओढायचा, थेट बॅटरीपर्यंत. मी म्हटलं, ही दुप्पट वायर कशाला? तर म्हणाला, लोखंडाचा भरवसा नाही, खाडीच्या वाऱ्यात मीठ असतं, मिठाने लोखंड कसं खाल्लं जातं ते आमच्या गावात येऊन बघा. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर एक बटण असतं, पेडल दाबलं की तेलाच्या जोराने ते दाबलं जातं आणि दिव्याला वीज मिळते. ते बटण त्याने तीनदा काढून तीनदा बसवलं. बल्ब आणले ते आत दोन तारा असलेले. बारीक तार साध्या दिव्यासाठी, जाड तार ब्रेकच्या भडक्यासाठी.

आता गोष्ट वायरींची. त्या सगळ्या एकाच रंगाच्या, काळ्या, कापडाच्या वेष्टणाच्या. मग मागे जिथे जोड येतो तिथे कुठली कुठली हे ओळखायचं कसं? लिहिणारा माणूस चिठ्ठी बांधेल. नाथाने खिशातून गोणीची सुतळी काढली, एका वायरीला तिची एक गाठ मारली, दुसरीला दोन. मी कुतूहलाने विचारलं. तो सांगू लागला की मिठागरात गोण्या भरल्या की बारीक मिठाच्या गोणीला एक गाठ मारतात आणि जाड्या मिठाच्या गोणीला दोन. अंधारात, होडीत, डोळे मिटूनसुद्धा हाताला कळतं. बल्बातही एक तार बारीक, एक जाड. एवढं साधं होतं ते. मला मात्र त्या मळक्या सुतळ्या पाहवत नव्हत्या, आणि हे मी तेव्हाच बोलूनही दाखवलं. तो नुसता हसला.

काम संपल्यावर त्याचा एक रिवाज होता. मालकाने ब्रेक दाबायचा आणि नाथाने गाडीच्या मागे उकिडवं बसून, उन्हातही दिवा नीट दिसावा म्हणून डोक्यावरून पोतं ओढून, दिव्याकडे बघायचं. "दाबा." "सोरा." "दाबा." असं तीस-चाळीस वेळा. ताईचा पाय दुखून आला. मी म्हटलं, अहो, लागतोय ना दिवा, मग किती वेळा? पोत्यातून त्याचा आवाज आला.

"पुरचा दिवा आपल्यासाटी, भाऊ. पाटचा दुसऱ्याच्या पोरांसाटी."

दुसऱ्या दिवशी पासिंग झालं. नाथाही बरोबर आला होता. साहेबांना बघायला पाच मिनिटं लागली, पण नंबर यायला अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसात कडुलिंबाखाली बसून नाथाने मला त्याच्या भावाची हकिगत सांगितली. मी विचारली नव्हती. गोविंदा त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. छावणीत दोघं एकाच बराकीत राहत. चव्वेचाळीस साली एकदा संध्याकाळी लष्करी गाड्यांची रांग निघाली, आणि गोविंदा एका उघड्या ट्रकवर खोक्यांवर बसला होता. पुढची लॉरी अचानक थांबली. तिचा मागचा दिवा लागलाच नाही. ट्रक जाऊन तिच्यावर आदळला आणि गोविंदा उडून खाली पडला तो पुन्हा उठला नाही. त्या लॉरीचा मागचा दिवा आदल्या दिवशी नाथानेच जोडलेला. लॉरी तशीच ओढून नेली, कुठे नेली, कुणी पाहिली, काही कळलं नाही. नाथाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं की आपला जोड सुटला. गोविंदाची बायको बायजा घरातच होती. ती दिराला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं नाथा म्हणाला. तेव्हापासून त्याच्या हातून गेलेल्या एकाही गाडीचा मागचा दिवा चुकला नव्हता. नऊ वर्षं. हे सांगताना मात्र त्याने मान वर केली.

मला तो माणूस आवडू लागला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणाला वाटेल की मला त्याच्याविषयी काही आकस होता.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्याला आला. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची पूजा म्हणजे वडिलांची टाकलेली काठी, माझी दौत-लेखणी आणि ताईच्या कात्र्या. या वर्षी जीप. ताई सकाळपासून एका अडलेल्या बाईकडे गेली होती, पायीच, जवळ होतं म्हणून. मला वाटलं, ती यायच्या आत गाडी अशी करून ठेवावी की नौपाड्याने तोंडात बोट घालावं. धुतली, पुसली. मागच्या बाजूचा रंग पोपडे आलेला होता, तो खरवडून नवा दिला. त्यासाठी दिवे सोडवले, वायरींचे जोड सोडवले. आणि त्या सुतळ्या! तेल, चिखल, केस चिकटलेल्या. पूजेच्या गाडीला ही घाण? कात्रीने कापल्या आणि उकिरड्यावर टाकल्या.

रंग वाळल्यावर दोन काळ्या वायरी हातात घेऊन उभा राहिलो आणि कुठली कुठली, कळेना. पण माणूस एकदा स्वतःला व्यवस्थित समजू लागला की त्याला अडत नाही. एक जोड इकडे, एक तिकडे. दिवा लावला. लागला. उलट आधीपेक्षा चांगला, झगझगीत लागला. ब्रेक दाबून पाहायचा होता, पण एकाच माणसाला पुढे बसून पेडल दाबून मागे दिवा बघता येत नाही. शेजारच्या कुणाला हाक मारली असती तर झालं असतं. नाही मारली. दिवा लागतोय म्हणजे सगळं लागतंय, असं मी धरून चाललो. झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं ठेवली, आणि संध्याकाळी ताईने गाडी पाहून माझी पाठ थोपटली.

मी काय केलं होतं ते आता उघड आहे. जाड तारेला साध्या दिव्याची वायर जोडली आणि बारीक तारेला ब्रेकची. म्हणजे ब्रेक दाबला की भडका उडायच्या ऐवजी बारीक तार कशीबशी मिणमिणणार, आणि दिवसाउजेडी तर तीही दिसणार नाही.

पाच दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, गायमुखच्या अलीकडे ताईने वाटेत आलेल्या म्हशीसाठी ब्रेक दाबला. मागे कोळशाची लॉरी होती. तिच्या ड्रायव्हरला ताई थांबते आहे हे कळलंच नाही. त्याने जीप पाठीमागून चेपली. ताई वाचली, पण उजवा हात कोपराखाली मोडला. लॉरीवाला शपथेवर सांगत होता की समोर लाल दिवा लागलाच नाही, आणि त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी नाथा आला. जीप आमच्या दारात ओढून आणली होती. मागची बाजू चपटी झालेली, दिव्यांचा चुरा, वायरी तुटून लोंबणाऱ्या. तो तिच्यामागे बराच वेळ उकिडवा बसून राहिला. सुतळ्या शोधत असावा, पण एवढ्या मोडतोडीत त्या गळून पडल्या असतील असं त्याला वाटलं असणार. मग आत आला, दाराशीच उभा राहिला आणि ताईला म्हणाला की माझा जोड सुटला, माझा हात वाईट आहे. ताई म्हणाली, असं काही नसतं नाथा, यंत्र आहे, व्हायचंच. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. मी कप खाली ठेवला आणि काही बोललो नाही.

का नाही बोललो? या प्रश्नाला मी बरीच उत्तरं तयार केली. ताईला या अवस्थेत त्रास नको. आधी नीट खात्री करून घेऊ. नाथा थोड्या दिवसांत विसरेल. कारकुनाला कारणांची टंचाई कधीच नसते. खरं कारण एवढंच की मला लाज वाटली, आणि ज्याच्यापुढे चूक कबूल करायची तो माणूस अशिक्षित होता म्हणून जास्त वाटली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

खोपटची शेड बंद झाली. लोक म्हणू लागले, नाथाने हात टेकले, मिठागरात परत गेला. मध्ये दिवाळी येऊन गेली. आमच्याकडे ताईचा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे चकल्या मी पाडल्या आणि त्या कशा झाल्या ते सांगत नाही.

दिवाळीनंतर एकदा जांभळी नाक्यावरून येताना मी पोपट भंगारवाल्याच्या दुकानापाशी थांबलो. समोर पोत्यावर डाग द्यायची तांब्याची काविया, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली पक्कड आणि एक लष्करी पेचकस मांडलेला. ती चिंधी मी दोन दिवस डब्यावर बसून बघितलेली होती. पोपटला विचारलं तर म्हणाला, खोपटचा नाथा देऊन गेला, आता लागणार नाही म्हणाला. मी तिन्ही वस्तू उचलल्या, पोपट मागेल ते दिलं आणि घरी आलो.

ताईला सगळं सांगितलं. दसरा, रंग, कात्री, सुतळ्या. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "माझा हात महिन्याभरात धरेल, मधु. मला कशाला सांगतोस? त्याच्याकडे जा."

सकाळी सायकलवर पेचकस, पक्कड, काविया पिशवीत घेऊन निघालो. बाळकुमच्या पुढे रस्ता संपला, मग बांधावरून सायकल हातात धरून चालत गेलो. मिठागरात तेव्हा पावसाने फुटलेले बांध चोपून नीट करायचं काम चालू होतं. नाथा गुडघाभर चिखलात उभा होता. तो इतका वाळला होता की मी त्याला टाचांवरून ओळखला. मला पाहून बाहेर आला, पाय धुतले आणि घरी चला म्हणाला. ताईच्या हाताची चौकशी त्याने वाटेत चार वेळा केली.

घर म्हणजे बांधालगतची कुडाची खोपी. बायजा चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. उंच, सडपातळ बाई, कपाळ उघडं. तिने मला बसायला पाट दिला. मी बसलो नाही. पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. गाठी मी कापल्या, जोड मी सोडले, उलटे मी जोडले, तुझा हात कुठे चुकला नाही. वाटेत मी चांगली वाक्यं रचून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

शिव्यांची माझी तयारी होती. मारलं असतं तर तेही चाललं असतं. नाथा माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तहानलेल्याला पाण्याचा आवाज आला की तो जसा ऐकतो तसा तो ऐकत होता.

"परत बोला, भाऊ," तो म्हणाला. "जरा मोट्यानं. वैनीला आयकू दे."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, बायजाकडे वळून. नाथा मटकन खाली बसला आणि दोन्ही तळवे समोर धरून त्यांच्याकडे बघू लागला. बायजाने तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले आणि मला म्हणाली,

"बावीस दिस, भाऊ. ह्यो मानूस बावीस दिस पोटभर जेवला नाय."

तिने दिवस मोजले होते. मी मान खाली घातली. नाथा गडबडून म्हणाला की जाऊ दे वैनी, आला ना, सांगितलं ना त्याने. तिने त्याचं बोलणं ऐकलं न ऐकलंसं केलं. भाकरी त्याच्यापुढे ठेवली, त्याच्याजवळ खाली बसली आणि माझ्याकडे पाठ करून त्याच्याशी बोलली.

"तवाबी कोनी आशीच गाठ सोरली आसंल, नाथा. पन त्यो सांगाया आला नाय."

नाथाने भाकरीला हात लावला नाही. तिशी ओलांडलेला तो माणूस भावजयीच्या पुढ्यात ओक्साबोक्शी रडू लागला. बायजाने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने ती मला म्हणाली की गोविंदाला पोचवून आला त्या दिवशीसुद्धा हा रडला नव्हता.